आधी माझ्यासमोर लावून दाखवा

थंडीत भिगवणला फ्लेमिंगो उतरले, की शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातल्या कॅमेरे भाड्याने देणाऱ्या दुकानांत गर्दी होते. मित्राबरोबर अशाच एका दुकानात उभा होतो. काउंटरमागची मुलगी लेन्स भाड्याने घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "पैसे नंतर द्या. आधी माझ्यासमोर लावून दाखवा." गृहस्थ फोटोग्राफीत मुरलेले, त्यांचा चेहरा उतरला. मला मात्र ती मागणी फार पटली. तिचं काम नीट बघायचं म्हणून मी पुन्हा गेलो.

सगळे तिला ताई म्हणतात. काउंटरवर जाड रबरी चटई, ती पुसायच्या स्पिरिटचा वास. त्या पहिल्या दिवशी चटईवर निकॉनची १८०-६०० मिलिमीटर लेन्स होती, ट्रायपॉडची कॉलर धरून दोन किलोंच्या वर. आपण बॉडी घट्ट धरतो आणि लेन्स फिरवायला जातो. ताई उलट करते. लेन्स कॉलरच्या पायावर टेकवलेली, डावा तळवा तिच्याखाली, आणि फिरते ती बॉडी. एवढं ओझं माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे अडकते त्या कड्याच्या, पातळ पाकळ्यांवर लोंबकळूच द्यायचं नाही. तो डावा हात काही केल्या सुटत नाही. माझी नजर सारखी तिथेच जायची.

बाकी क्रम साधा: कॅमेरा बंद, ठिपक्यासमोर ठिपका, फिरवायचं, 'टक्' ऐकायचं. टक् नाही, तर लेन्स लागलेली नाही. अडली तर जोर करायचा नाही. काढून पुन्हा ठिपका बघायचा. कॅननची सवय असलेला माणूस निकॉनवर हटकून उलटा फिरवतो, कारण दोघांच्या दिशाच वेगळ्या.

"१६ मिलिमीटर," ताई प्रत्येकाला सांगते. निकॉनच्या झेड माउंटपासून सेन्सर तेवढाच आत. १९५९ पासूनच्या जुन्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, शिवाय मध्ये आरसा आणि शटरचा पडदा. २०१८ मध्ये झेड आला, आरसा गेला. काही मॉडेलांत कॅमेरा बंद केल्यावर पडदा सेन्सरपुढे सरकतो, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत लेन्स काढली की सेन्सर उघडाच. म्हणून बॉडीचं तोंड खाली, पाठ वाऱ्याकडे, आणि झाकण आधीच सैल करून हाताशी. धूळ दिसली तर हाताने दाबायचा ब्लोअर. तोंडाने फुंकर घातली की थुंकीचे कण आत जातात. १६ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या पेरापेक्षाही कमी, हे ती बोट दाखवूनच सांगते.

लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारा टेलिकन्व्हर्टर (टीसी) मागितला, की ती जास्तच सावध होते. १.४ पट टीसी लावला की ६०० मिलिमीटरची ८४० होते, पण एफ ६.३ चं एफ ९ होतं. एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढा सेन्सरवरचा कण आकाशात ठळक उमटतो. म्हणजे ज्याच्यासाठी घाईने जोडाजोड केली, तोच टीसी घाईतली धूळ दाखवून देतो. टीसीची पुढची काच बाहेर आलेली असते आणि लेन्सच्या मागच्या पोकळीत शिरते. पोकळी नसलेल्या लेन्सला तो लावायला गेलं तर काचेवर काच आदळेल. म्हणून टीसी हातात देण्याआधी ताई लेन्सचं नाव मोठ्याने वाचते. मग आधी टीसी लेन्सला, नंतर दोन्ही मिळून बॉडीला. काढताना आधी बॉडी सुटते, मग टीसी, आणि सुटलेल्या प्रत्येक तोंडावर लगेच झाकण.

पहिल्या दिवशीचे ते गृहस्थ लावून दाखवताना आधी अडखळले. ताईने काहीही न बोलता लेन्स पुन्हा चटईवर ठेवली. पुढच्या खेपेला त्यांचा डावा हात खाली गेला. मागे रांग वाढत होती, पण तिने कोणालाही सूट दिली नाही, आणि देऊही नये. लाखाच्या वर किमतीची काच आपण पावतीवर सही करून नेतो; ती धरायची कशी, हे विचारायला मात्र लाजतो.

भिगवणच्या होडीत पाणी उडतं, वारा असतो, पक्षी थांबत नाहीत. टीसी लावायचा असेल तर काठावरच लावून घ्या. आणि भाड्याने लेन्स देणाऱ्याने लावून दाखवायला सांगितलं नाही, तर तुम्हीच म्हणा: एकदा तुमच्यासमोर लावून बघतो.