जुवावरचं वजन

वारणाकाठच्या आमच्या गावात उसाच्या मोळ्या गाडीत आबा स्वतः रचायचे. तोडणीची माणसं मोळ्या वर फेकायची, पण कुठली मोळी कुठं बसायची हे आबा ठरवायचे. गाडी भरत आली की खाली उतरायचे आणि दोन्ही हातांनी जू उचलून बघायचे. जू हलकं लागलं तर मागच्या मोळ्या पुढं घ्यायला लावायचे. “मागं जड झाली की गाडी उलाळ व्हती, पोरी. बैलाचा गळा धरती,” असं ते सांगायचे. जू वर उचललं जातं, बैलाच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो आणि चढाला बैल गुदमरतो. जू फार जड झालं तर मान सोलून निघते. मानेवर थोडं वजन हवंच, पण थोडंच. किती, ते आबांच्या हाताला कळायचं.

पुढं तीस वर्षांनी मी अमेरिकेत, कोलोरॅडोत, पिकअप ट्रकमागं घर जोडून निघाले, तेव्हा हे सगळं विसरले होते.

इथं उन्हाळा आला की रस्त्यांवर अशी फिरती घरं दिसतात. पलंग, शेगडी, संडास, पाण्याची टाकी, सगळं आत असतं. काही घरांना स्वतःचं इंजिन असतं, पण पुष्कळ कुटुंबं ट्रेलर घेतात आणि घरच्याच पिकअपनं ओढतात. आम्हीही तसंच केलं. विकणाऱ्यानं सांगितलं, “तुमचा ट्रक पाच हजार किलो ओढतो, हा ट्रेलर तर सव्वातीन हजाराच्या आतच आहे. काळजीच नको.” (इथला सगळा हिशेब पौंडांत चालतो. मी किलोत मांडते आहे.) त्याचा आकडा खोटा नव्हता. कंपन्या तो एका ठरलेल्या चाचणीवरून काढतात. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांबलचक चढावर, एसी चालू ठेवून, ठरावीक वेग राखत ट्रकला ओझं ओढावं लागतं. पण त्या चाचणीच्या हिशेबात ट्रकमध्ये फक्त दोन माणसं धरतात, प्रत्येकी सुमारे ६८ किलोची. आम्ही चौघं होतो. शिवाय मागच्या हौद्यात जनरेटर, लाकडं आणि बर्फाची पेटी होती.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाकडं निघालो होतो. डेन्व्हरहून उत्तरेला वायोमिंगमध्ये शिरलं की पुढं आय-८० महामार्ग लागतो. लॅरामीच्या पश्चिमेला एल्क माउंटनच्या आसपास वारा आडवा येतो. त्या टापूत वारा इतका असतो की हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता कधीकधी बंदच करतात. त्या दिवशी रस्ता सुरू होता. एक मोठा मालट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि आमच्या ट्रेलरची शेपटी हलली. डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. ट्रेलर आता आमच्या ट्रकचा मागचा भाग सोबत ओढत होता. नवरा ओरडला, “अगं, ब्रेक दाब!”

ब्रेक दाबला असता तर आज हे लिहायला मी नसते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. अशा वेळी ट्रकचा ब्रेक जोरात दाबला की ट्रक मंदावतो, मागचं ओझं पुढं रेटतं आणि दोघं घडीच्या चाकूसारखे मिटतात. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, उलटसुलट फिरवत बसायचं नाही. आणि ट्रेलरचा ब्रेक तेवढा हातानं हळू लावायचा. इथल्या ट्रेलरच्या चाकांना विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि ते लावायची छोटी कळ चालकाच्या हाताशी बसवलेली असते. ट्रेलर घेतला तेव्हा एका शेजाऱ्यानं मला मोकळ्या मैदानात ती कळ दहादा दाबायला लावली होती. तेवढी एकच गोष्ट हातात बसली होती. कळ दाबली, ट्रेलर मागून ताणला गेला आणि सरळ झाला. पोरं मागं चिडीचूप होती.

पुढं रॉलिन्सला मालट्रकवाल्यांच्या थांब्यावर वजनकाटा होता. असे काटे इथं महामार्गांवर जागोजागी असतात आणि थोडे पैसे देऊन कुणीही गाडी तोलून घेऊ शकतो. ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं, तिन्हींचं वजन वेगवेगळं मिळतं. आधी जोडलेल्या अवस्थेत तोललं, मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक तोलला. नुसता ट्रक भरला २,८०० किलो आणि जोडलेला ३,०४०. म्हणजे ट्रेलर आमच्या ट्रकच्या मानेवर २४० किलो टाकत होता. ट्रेलरचं एकूण वजन ३,२०० किलो. त्याच्या साडेसात टक्केच.

असायला हवेत दहा ते पंधरा टक्के. चेंडूसारख्या हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या जोडावर, बसणाऱ्या ट्रेलरचं गणित हे असं आहे. पुढचा भार दहा टक्क्यांखाली गेला की ट्रेलरची शेपटी हलायला निमित्तच लागतं. वारा असो, मालट्रक असो नाहीतर उतार. आणि आम्ही काय केलं होतं? पाण्याची टाकी काठोकाठ भरली होती, दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, आणि ती टाकी आखाच्या मागं होती. त्याहून मागं, अगदी शेवटच्या टोकाला, मिळून पंचावन्न किलोच्या दोन बॅटरीच्या सायकली टांगल्या होत्या. आमची गाडी उलाळ झाली होती! आबांनी एकदा जू उचलून बघितलं असतं तर घरातूनच निघू दिलं नसतं.

पाणी सोडून दिलं. सायकली काढून ट्रकच्या हौद्यात ठेवल्या. आता ट्रेलर ३,००० किलोच्या आत आला आणि मानेवरचं वजन ३३० झालं, अकरा टक्के. ट्रेलर शहाणा झाला. पण मग मी ट्रकचं चालकाकडचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर एक पिवळी-पांढरी पट्टी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून या ट्रकवर जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. आमचा आकडा होता ६८० किलो. मानेवरचं ओझंही याच आकड्यात धरायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ट्रेलरचे ३३०, आम्ही चौघं २७०, लोखंडी हिच ४५, हौद्यातलं सामान ९०, सायकली ५५. एकूण ७९०. पाच हजार किलो ओढू शकणारा ट्रक तीन हजारांच्या ट्रेलरखाली ११० किलोंनी जास्त भरला होता.

सगळी गोम इथं आहे. ट्रकवरचं ओझं कमी करायला सामान मागं सारावं तर ट्रेलर झुलतो. झुलणं थांबवायला पुढं सारावं तर ट्रकची मागची चाकं दबतात, पुढची हलकी होतात आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. भार पुढच्या चाकांपर्यंत वाटून देणारा स्प्रिंगच्या दांड्यांचा हिच मिळतो, तो जरूर घ्यावा. पण त्यानं पट्टीवरचा आकडा वाढत नाही. मोठा ट्रक घ्यायचा नाहीतर लहान ट्रेलर, एवढेच दोन मार्ग उरतात. त्या दिवशी आम्ही लाकडं तिथंच वाटून टाकली, जनरेटर ट्रेलरच्या आत आखावर ठेवला आणि ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलो नाही. परतल्यावर तो ट्रेलर विकला. आताचा भरून दोन हजार किलोचा आहे.

घाटाचं मात्र मला शिकावं लागलं नाही. डेन्व्हरच्या पश्चिमेला आयझेनहॉवर बोगदा आहे, समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांवर. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडं उतरताना उतार सात टक्क्यांच्या आसपास आहे, आणि ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांसाठी बाजूला खडीच्या चढत्या वाटा करून ठेवल्या आहेत. लहानपणी एस.टी.च्या चालकांकडून ऐकलेलं तिथं तंतोतंत लागू पडतं: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. पाय सतत ब्रेकवर ठेवला की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत.

बारीकसारीक गोष्टींतली एकच सांगते, कारण ती फसवी आहे. हिचच्या गोळ्याचे आकार वेगवेगळे असतात. दोन इंची गोळ्यावर सव्वादोन इंचांहून मोठ्या गोळ्यासाठी केलेली ट्रेलरच्या तोंडाची वाटी बसते, कुलूपही लागल्यासारखं वाटतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात ती उडून बाहेर येते. म्हणून जोडल्यावर ट्रेलरचा जॅक फिरवून तोंड वर उचलून बघायचं. ट्रकचं बूड सोबत उचललं गेलं तरच जोड खरा. दोन्ही साखळ्या खालून एकमेकींवर फुली करून लावायच्या, म्हणजे तोंड सुटलंच तर जमिनीवर न आपटता त्या झोळीत पडतं. आणि एक बारीक तार ट्रकला अडकवायची. साखळ्याही तुटल्या तर ती तार खुंटी उपसते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

ही तार पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला गावाकडचे उसाचे ट्रॅक्टर आठवले. आता बैलगाड्या कमी झाल्या, एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात. मी पाहिलेल्या एकाही ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नव्हता. रात्री मागं लाल दिवाही नसायचा. जोड होता एका लोखंडी पिनेचा.

तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं इकडं आहेत. उन्हाळ्यात तुम्ही याल, आणि ती तुम्हाला भाड्याचा ट्रेलर जोडून कुठंतरी नेतील. चालकाच्या दारावरची पट्टी त्यांना मोठ्यानं वाचायला लावा. तुमचं आणि तुमच्या बॅगांचं वजन त्यात धरायला सांगा, आणि पहिल्या वजनकाट्यावर गाडी थांबवायला लावा.