महाराष्ट्रातील गांजाची लागवड

महाराष्ट्रातील गांजाची लागवड हा कृषी, अबकारी महसूल, वनस्पतिशास्त्र आणि फौजदारी कायदा या चारही क्षेत्रांशी संबंध असलेला विषय आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात, विशेषतः अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात, गांजा हे सरकारी परवान्यावर घेतले जाणारे पीक होते. आज राज्यात भांगेचे एक झाड कुंडीत वाढवणे हासुद्धा दखलपात्र गुन्हा ठरतो. 'इंडिका' जातीचे, अधिक राळ देणारे झाड म्हणून जे वाण जगभर नावाजले जाते, त्याचे नाव भारतीय असले तरी दख्खनमध्ये पिकणाऱ्या जुन्या झाडाशी त्याचा संबंध थोडाच आहे.

गांजा, भांग आणि चरस

तिन्ही पदार्थ एकाच वनस्पतीपासून मिळतात. मराठीत झाडाला सामान्यतः भांग म्हणतात. आयुर्वेदीय ग्रंथांत विजया हे नाव आढळते. झाडाची पाने वाटून भांग होते, मादी झाडाचा वाळवलेला फुलोरा म्हणजे गांजा आणि झाडावरून वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. भांग पाण्यातून किंवा दुधातून प्यायली जाते, गांजा व चरस चिलमीतून ओढले जातात. महाशिवरात्र आणि होळीला भांग पिण्याची प्रथा उत्तर भारताइतकी नसली तरी महाराष्ट्रातही आहे. त्याउलट 'गांजेकस' हा मराठी शब्द निंदाव्यंजकच राहिला आहे. एकाच झाडाच्या दोन भागांना समाजाने दिलेली ही वेगळी वागणूक पुढे कायद्यातही उतरली.

या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादी फुलांभोवतीच्या लहान पानांवर सूक्ष्म, देठ असलेल्या ग्रंथी असतात. भिंगातून पाहिल्यास त्या टाचणीच्या डोक्यासारख्या दिसतात. राळ या ग्रंथींमध्ये तयार होते. परागीभवन झाल्यावर झाडाची शक्ती बी धरण्याकडे वळते, म्हणून गांजाच्या शेतातून नर झाडे फुलण्यापूर्वीच काढून टाकण्याची पद्धत भारतात जुनी आहे. बंगालमध्ये हे काम करणारे स्वतंत्र जाणकार असत आणि त्यांना पोद्दार किंवा परखदार म्हणत.

राळेतील मुख्य मादक द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) होय. हिरव्या झाडात ते प्रामुख्याने आम्लरूपात असते व उष्णतेने त्याचे मादक रूपात परिवर्तन होते. इस्रायलमधील राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना मांडली. मेंदूतील याच ग्राहींवर काम करणारे एक द्रव्य मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेला १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूत सापडले. संस्कृत 'आनंद' या शब्दावरून त्याला 'आनंदामाइड' असे नाव देण्यात आले.

'इंडिका' या नावाचा घोळ

कार्ल लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीला 'कॅनाबिस सॅटिवा' असे नाव दिले. त्याच्यासमोर युरोपात धाग्यासाठी लावली जाणारी झाडे होती. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून 'कॅनाबिस इंडिका' ही वेगळी जाती वर्णिली. हिच्यात धागा कमी आणि मादकता जास्त, असे त्याचे निरीक्षण होते. अर्थात मूळ 'इंडिका' म्हणजे भारतीय मैदानांतील गांजाचे झाड.

आजच्या बाजारी भाषेत मात्र 'इंडिका' म्हणजे बुटके, झुडपासारखे, रुंद पानांचे आणि राळेने चिकट झालेले झाड. हे वर्णन अफगाणिस्तान व हिंदुकुश परिसरातील वाणांचे आहे. १९७० च्या दशकात पाश्चात्त्य अभ्यासकांनी आणि बियाणे गोळा करणाऱ्यांनी ते वाण बाहेर नेले आणि 'इंडिका' हे नाव त्यांना चिकटले. भारताच्या मैदानी प्रदेशातील उंच, अरुंद पानांच्या झाडाला याच बोलीत आता 'सॅटिवा' म्हटले जाईल. लामार्कने ज्या झाडाला भारताचे नाव दिले, नेमके तेच झाड त्या नावाखालून बाहेर पडले आहे.

वर्गीकरणाचा वाद यानंतरही मिटला नाही. अर्नेस्ट स्मॉल व आर्थर क्रॉनक्विस्ट यांनी १९७६ मध्ये जाती एकच मानून दोन उपजाती सुचवल्या आणि त्यांच्यातील सीमारेषा म्हणून ०.३ टक्के टीएचसीचे प्रमाण वापरले. ही रेषा सोयीसाठी आखलेली होती, तरी पुढे अनेक देशांच्या कायद्यांत धाग्याचे हेम्प आणि मादक झाड यांतील फरक तिच्याच आधारे ठरवला गेला. कॅनडातील संशोधकांनी २०१५ मध्ये मादक वाणांचे ८१ व हेम्पचे ४३ नमुने जनुकीय पातळीवर तपासले, तेव्हा विक्रेत्यांनी सांगितलेली इंडिका-सॅटिवा वंशावळ जनुकांशी फारशी जुळली नाही. एकाच नावाचे दोन नमुने परस्परांपेक्षा इतर नावांच्या नमुन्यांशी जवळचे असल्याचेही आढळले. त्यामुळे 'इंडिका झोप आणते, सॅटिवा तरतरी देते' हा लोकप्रिय समज शास्त्रीय आधारावर उभा नाही. पाकिटावरील नावावरून परिणाम ओळखता येत नाही, आणि बेकायदा व्यवहारात तर त्या नावाची खातरजमा करण्याची कोणतीही सोय नसते.

अंबाडी आणि तागाशी गल्लत

'हेम्प' या इंग्रजी शब्दामुळे जुन्या कागदपत्रांत आणखी एक घोटाळा होतो. दख्खनमध्ये दोराखंडासाठी भांगेचे झाड जवळजवळ वापरले जात नव्हते. येथील धागा अंबाडीचा आणि तागाचा. इंग्रजीत अंबाडीला 'डेक्कन हेम्प' आणि तागाला 'सन हेम्प' म्हटले गेले. अंबाडीच्या शास्त्रीय नावातील 'कॅनाबिनस' या पदाचा अर्थच 'भांगेसारखा' असा आहे, कारण तिची हाताच्या बोटांसारखी विभागलेली पाने भांगेच्या पानांची आठवण करून देतात. प्रत्यक्षात अंबाडी जास्वंदीच्या कुळातील, ताग शेंगावर्गीय आणि भांग या दोघांपासून दूरची. ब्रिटिशकालीन अहवालात नुसते 'हेम्प' वाचून तेथे गांजा पिकत होता असे अनुमान काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

नगरचा गांजा

मुंबई इलाख्यातील गांजाच्या नियमित लागवडीचा मुख्य भर अहमदनगर जिल्ह्यावर होता. शेजारच्या मध्य प्रांतात खांडवा आणि बंगालमध्ये राजशाहीकडील नौगाव ही अशीच केंद्रे होती. कोकणपट्टीवर, म्हणजे आजच्या पालघर-ठाणे भागात, भात, बागायत आणि मिठागरे यांना प्राधान्य होते. गांजा तेथे घाटावरून विक्रीसाठी येई. चरस इलाख्यात तयार होत नसे. तो मध्य आशियातील यारकंदहून लेह व पंजाबमार्गे येणारा महागडा माल होता.

मुंबई अबकारी अधिनियम, १८७८ अन्वये गांजाची लागवड, साठवण, वाहतूक आणि किरकोळ विक्री परवान्याखाली आली. सरकारचा हेतू दुहेरी होता: नशेवर काही अंकुश ठेवणे आणि महसूल मिळवणे. यांतील दुसरा हेतू अधिक नेटाने पाळला गेला.

हेम्प ड्रग्ज आयोग

ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात २ मार्च १८९३ रोजी गांजाविषयी प्रश्न उपस्थित झाला. मूळ चौकशी बंगालपुरती अपेक्षित होती, परंतु ती संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानापर्यंत वाढवण्यात आली. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील सात सदस्यांच्या आयोगात मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी एच. टी. ओमॅनी हे एक सदस्य होते. दुसरे सदस्य सी. जे. एच. वॉर्डन हे मुंबईतील विल्यम डायमॉक यांच्यासह 'फार्माकोग्राफिया इंडिका' या औषधी वनस्पतिकोशाचे सहलेखक होते. आयोगाने १,१९३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अहवाल सादर केला.

या अहवालातील सर्वात मोलाचा भाग वेड्यांच्या रुग्णालयांविषयीचा आहे. गांजामुळे वेड लागते हा समज त्या काळी रुग्णालयांच्या वार्षिक आकडेवारीवर आधारलेला होता. आयोगाने नोंदी मुळातून तपासल्या, तेव्हा वेडाचे कारण बहुधा पोलिसांच्या किंवा दंडाधिकाऱ्यांच्या कागदांवरून, वैद्यकीय चौकशीशिवाय उतरवले जात असल्याचे दिसले. रुग्ण गांजा ओढत होता एवढे कळले की कारणाच्या रकान्यात गांजा लिहिला जाई. ही आकडेवारी विश्वासार्ह नाही असा निष्कर्ष आयोगाने काढला. मर्यादित सेवनाने सहसा लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि संपूर्ण बंदी आवश्यक वा व्यवहार्य नाही, असे बहुमताचे मत होते. राजा शशिशेखरेश्वर रॉय व लाला निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या.

हा अहवाल आजही गांजाच्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून सर्रास उद्धृत केला जातो. तो वापर सावधपणे करायला हवा. आयोगासमोर टीएचसीचे मोजमाप नव्हते, आणि आज निवडपद्धतीने तयार केलेल्या राळयुक्त वाणांची तीव्रता त्या काळच्या मालापेक्षा बरीच अधिक आहे. अधिक टीएचसी असलेल्या गांजाचे वारंवार सेवन आणि मनोविकृती यांचा संबंध आधुनिक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आला आहे. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांना आणि कुटुंबात अशा आजाराचा इतिहास असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

परवान्यापासून मनाईकडे

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये मद्याबरोबर भांग-गांजाचाही समावेश झाला. १९६१ च्या अमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय करारातील व्याख्येतून नुसती पाने वगळण्यात आली. भांगेची भारतीय परंपरा या सवलतीमागे होती. गांजाचा बिगरवैद्यकीय वापर थांबवण्यासाठी करारात २५ वर्षांची मुदत होती. ती संपत आली असता भारताने गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस) केला. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला.

घरगुती लागवड आणि सध्याचा कायदा

एनडीपीएस अधिनियमाच्या कलम ८ नुसार भांगेच्या झाडाची लागवड करण्यास मनाई आहे. झाडांची संख्या, शेत की सज्जा, विक्री की स्वतःचा वापर असा कोणताही भेद या मनाईत नाही. वसई-विरार परिसरातील जूचंद्रसारख्या गावातील परसबाग आणि तेथून जवळच्या इमारतीतील कुंडी यांना एकच नियम लागू होतो. कलम २०(अ) अन्वये लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मूळ कायद्यात ही मर्यादा पाच वर्षे व पन्नास हजार रुपये होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाढली.

गांजा बाळगण्याच्या गुन्ह्यात वजनाला महत्त्व आहे. एक किलोपर्यंत अल्प मात्रा, वीस किलो ही व्यापारी मात्रा. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि एक किलो. अल्प मात्रेला कमाल एक वर्षाची शिक्षा आहे. लागवडीच्या शिक्षेला मात्र अशा पायऱ्या नाहीत. त्यामुळे बाजारातून थोडा गांजा घेणाऱ्यापेक्षा स्वतःपुरते एक रोप लावणारा कागदोपत्री अधिक गंभीर गुन्ह्यात सापडतो. 'घरचे झाड म्हणजे किरकोळ गोष्ट' हा तरुणांमधील समज कायद्याच्या रचनेशी अगदी विसंगत आहे. शिवाय कलम ४६ नुसार जमीनधारकाने आपल्या जमिनीतील अशा लागवडीची माहिती तत्काळ देणे बंधनकारक असल्याने उसात किंवा कपाशीत कोणी लपवून लावलेली झाडे मूळ शेतकऱ्यालाही अडचणीत आणू शकतात.

व्याख्येनुसार गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसलेली पाने व बिया त्यातून वगळलेल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या प्रकरणात याच व्याख्येवर बोट ठेवून जप्त मालात पाने, काड्या व बिया मिसळून केलेल्या वजनाबद्दल शंका नोंदवली आहे. एका पोत्यातील शेंड्यांचे प्रमाण किती, यावर आरोपी अल्प मात्रेत बसतो की व्यापारी मात्रेत, आणि परिणामी त्याला जामीन मिळतो की नाही, हे ठरू शकते.

कायद्यातील अपवाद मोजके आहेत. वैद्यकीय व वैज्ञानिक कारणांसाठी आणि कलम १४ अन्वये धागा, बी किंवा बागायती उपयोगासाठी शासन परवानगी देऊ शकते. औद्योगिक हेम्पला उत्तराखंडने २०१८ मध्ये अशी वाट मोकळी करून दिली. खाद्यपदार्थ म्हणून हेम्पच्या बिया व त्यांचे तेल यांना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये मान्यता दिली. राळयुक्त वाणांच्या घरगुती लागवडीला यांपैकी कोणतीही तरतूद लागू होत नाही. व्यसन जडलेल्या आणि स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीला अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात कलम ६४अ अन्वये खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली द्रव्य आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा १९६१ च्या करारातील सर्वाधिक कठोर चौथ्या अनुसूचीतून वगळला. भारताने बाजूने मत दिले. या निर्णयानंतरही गांजा पहिल्या अनुसूचीत कायम आहे आणि एनडीपीएस अधिनियमातील लागवडबंदीही तशीच लागू आहे.