पाहुणचार निसर्गाचा (लेखांक ६) : चार बोटे माती

मागच्या आठवड्यात आपण वेळासला होतो. त्या किनाऱ्यावर कासवाची अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत पुरता येतात, दीड-दोन महिने राखण करता येते आणि पिल्ले निघाली की समुद्राकडे सोडता येतात. आजच्या जागेला ती सोय नाही. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गेले की साधारण २५ किलोमीटरवर कासचे पठार लागते. तिथे राखायचे आहे ते बी. मोहरीपेक्षाही बारीक, मातीत मिसळले की डोळ्यांना न दिसणारे. ते कुणाला टोपलीत भरून दुसरीकडे नेता येत नाही. पडले तिथेच त्याला राहावे लागते, आणि नेमका तिथेच आपला पाय पडतो.

कासची फुले पाहायला जाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आधी थोडे खाली वाकून दगड पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण या फुलांची सगळी कहाणी दगडात आहे. सुमारे १२०० मीटर उंचीवरचा हा सडा जांभ्याचा आहे. काळ्या बेसाल्टवर लाखो वर्षे पाऊस कोसळला, त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरून हे तांबूस, सच्छिद्र कवच तयार झाले. त्यावर माती किती? कुठे चार बोटे, कुठे दोन, कुठे नुसता खळग्यात साचलेला गाळ. झाडाला मूळ रोवायला जागा नाही, म्हणून पठारावर रान माजत नाही. पावसाळ्यात ही माती चिंब भिजते आणि उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. त्यामुळे इथल्या बहुतेक वनस्पतींनी सगळा संसार चार महिन्यांत आटोपायचे ठरवले आहे. जूनमध्ये रुजायचे, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलायचे, ऑक्टोबरात बी टाकून संपायचे.

मातीत नत्रही नाही. जे असते ते पावसाबरोबर वाहून जाते. मग काही वनस्पती किडे खातात. ओल्या जागी निळ्या-जांभळ्या रंगाची जी झुलती फुले दिसतात, ती सीतेची आसवे. इतके हळवे नाव, पण तिच्या मातीखालच्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात आणि तिथेच पचतात. जवळच दवबिंदू असतो. त्याच्या पानावरच्या केसांना चिकट थेंब असतात, त्यांवर बसलेला किडा पुन्हा उडत नाही. शेजारी गेंदाची पांढरी बटणे, कवळ्याची पिवळी फुले, गुलाबी तेरडा, आणि थोडी उशिरा येणारी सोनकी. साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद या भागातून झाली आहे. त्यांतल्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचे नाव आहे : अपोनोजेटॉन सातारेन्सिस. सड्यावरच्या डबक्यात कंद धरून तो उन्हाळा काढतो आणि पाऊस आला की दोन फाट्यांचा तुरा वर काढतो.

आता पायाचा हिशेब मांडू. तेरड्याचे किंवा गेंदाचे रोप वर्षायू असते. ते सप्टेंबरात तुडवले गेले तर फक्त एक फूल जात नाही, त्याचे बी धरायचे राहते. पुढच्या वर्षी त्या वितीवर त्याची जागा घ्यायला कुणी नसते. शिवाय ओली माती शंभर बुटांखाली दाबली गेली की तिच्यातली हवा जाते, पाणी मुरायचे थांबते आणि ते वरून वाहू लागते. जाताना चार बोटांतले एक बोट घेऊन जाते. टोपली कारवीचे तर आणखी वेगळे. उपड्या टोपलीसारखे हे झुडूप साधारण दर सात वर्षांनी एकदम फुलते. तिच्या चौथ्या वर्षी जो फोटोसाठी त्या झुडपात बसला, त्याला आपण काय मोडले हे कधीच कळत नाही.

म्हणूनच कासला ‘फुलांचा गालिचा’ म्हणणे मला फार खटकते. वर्तमानपत्रांनी, पर्यटनाच्या जाहिरातींनी तो शब्द रूढ केला. पण गालिचा अंथरतात तो पाय ठेवायला. शब्दानेच आपण लोकांना चुकीचे आमंत्रण देतो.

गर्दी खऱ्या अर्थाने वाढली ती २०१२ नंतर. त्या वर्षी युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रातली चार त्यांत आली : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. बाकीची तिन्ही मोठी जंगले आहेत, त्यांच्यात माणूस आपोआप मागे राहतो. कास मात्र उघडे, आणि मधून डांबरी रस्ता गेलेला. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. वनविभागाने कास, कासाणी, आटाळी, एकीव या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे कारभार दिला. प्रवेशशुल्क आले, ऑनलाइन नोंदणी आली, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आली. हंगामात गावातली मुले-मुली वाटाडे म्हणून, राखणदार म्हणून उभी राहू लागली. हे सगळे योग्य दिशेचे होते, आणि आजही आहे.

पण त्याबरोबर पठाराला लोखंडी कुंपणही पडले, आणि त्या कुंपणाने जो धडा दिला तो या लेखमालेतल्या कुठल्याही सूचनेपेक्षा मोलाचा आहे. माणसे बाहेर राहावीत म्हणून घातलेल्या जाळीने गावची गुरेही बाहेर राहिली. पिढ्यानपिढ्या या सड्यावर गाई-म्हशी चरत होत्या. त्या उंच वाढणारे गवत खात, त्यामुळे बोटभर उंचीच्या गेंदाला आणि सीतेच्या आसवांना ऊन मिळे. शेणाने त्या उपाशी मातीला थोडे खत मिळे. चराई थांबली आणि गवत माजले. फुले विरळ होत चालल्याचे आधी गावकऱ्यांनी सांगितले, अभ्यासकांनीही चराईचा मुद्दा मांडला. वन्यप्राण्यांची वाटही जाळीने अडली होती. अखेर ते कुंपण काढण्यात आले.

ज्याला आपण अस्पर्श निसर्ग समजून तिकीट काढतो, त्यात गुराख्याचा हात होता, ही गोष्ट नियोजन करणाऱ्यांच्या नकाशावर नव्हती. गुरे नकोत असे ठरवताना गुरे राखणाऱ्याला विचारले असते तर काही हंगाम वाचले असते. बाहेरून आलेल्या चांगल्या हेतूबद्दल मला शंका नाही. तक्रार आहे ती, ज्यांचे पाय या मातीवर सर्वांत जास्त काळ पडत आले त्यांचे ज्ञान सगळ्यांत शेवटी ऐकले गेले, याची.

पैशाचेही असेच आहे. प्रवेशशुल्कातला वाटा गावांकडे जातो. पण हंगामातला मोठा खर्च होतो तो राहण्या-जेवणावर, आणि त्यासाठी साताऱ्यापासूनच्या रस्त्याकडेला बांधकामे वाढत गेली. याच डोंगरावर कासचा तलाव आहे आणि इंग्रजी अमदानीपासून सातारा शहर त्याचे पाणी पिते. वर सपाटीकरण झाले, सांडपाणी सुटले की त्याचा उतार कुठे जातो हे सातारकरांना नकाशा न बघता सांगता येईल. त्यामुळे जेवण गावातल्या घरी घ्यावे, पिठलं-भाकरी असेल तरी.

जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, नोंदणी करून जा. पायवाटेवर पुढे डबके आले तर सरळ त्यातून जा. बूट वाचवायला प्रत्येकजण कडेने वळसा घालतो आणि दोन फुटांची वाट हंगामाअखेर सहा फुटांची होते, ती सगळी फुलांच्या जागेतून. भिंग जवळ असेल तर एका ठिकाणी उकिडवे बसा. हातभर जागेत अर्धा तास सहज जातो.

ऑक्टोबर सरता सरता पठार पिवळे पडते आणि पाहुणे थांबतात. समितीची पोरे भात कापायला शेतावर परततात. गेंदाची बोंडे वाळून हलकी होतात आणि वाऱ्याने त्यांतले बी जांभ्याच्या भेगांत उतरते, जूनपर्यंत.