एशियाडचा एक रुपया

धाराशिवच्या एस.टी. स्थानकावर जुनी माणसे अजूनही निमआराम गाडीला 'एशियाड' म्हणतात. हे नाव १९८२ साली दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांवरून पडले. गाडीचे नाव आपल्या तोंडी राहिले. पण त्या स्पर्धांची क्रीडांगणे ज्यांनी बांधली, त्यांची हकीकत फारशी कोणाला ठाऊक नाही. तीच येथे सांगावयाची आहे.

शाळा आम्हांला थोडीच लाभली. कायदा आम्ही मजुरांच्या हजेरीपटावरून शिकलो. त्यामुळे खेळाची बातमी वाचतानाही आमची नजर आधी मजुरीकडे जाते.

दिल्लीच्या बांधकामांवर राजस्थान, उत्तर प्रदेश व ओरिसा येथून मजूर आणले होते. किमान वेतन होते रोज ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार ते जमादाराच्या हाती देई. जमादार त्यांतून १ रुपया दस्तुरी कापून घेई व मजुराच्या पदरी ८ रुपये २५ पैसे पडत. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला जमादार म्हणजे कोण, हे वेगळे सांगावयास नको. आपण त्याला मुकादम म्हणतो.

पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संस्थेने ही हकीकत पत्राने सर्वोच्च न्यायालयास कळविली. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले व १८ सप्टेंबर १९८२ रोजी निकाल दिला. न्या. भगवती यांनी मांडलेला विचार साधा आहे. माणसाला दोरीने बांधून राबविले तरच ती वेठ, असे नाही. पोटाची भूक हीही सक्तीच आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर माणूस राबतो तो या सक्तीपायी. म्हणून राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली ती वेठच होय. ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारला सुटता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

कोणी विचारील, एवढ्या मोठ्या सोहळ्यात एका रुपयाचे काय घेऊन बसलात? तर थोडा हिशेब पाहू. माँट्रियलने १९७६ साली ऑलिंपिक भरविले. त्याचे कर्ज फिटावयास २००६ साल उजाडले, आणि त्यासाठी तेथे तंबाखूवर कर बसला. १९८४ साली लॉस एंजेलिसने बहुतेक जुनीच मैदाने वापरली, जाहिरातदार व टेलिव्हिजनचे हक्क यांवर भर दिला, आणि २० कोटी डॉलरांहून अधिक शिल्लक टाकली. तेव्हापासून या बाजाराला जोर आला. नफा झाला तर तो आयोजकांचा, तोटा आला तर करदात्याचा, आणि काटकसर करावयाची ती मात्र मजुरीत, असा हा व्यवहार होऊन बसतो.

खेळाडूचेही तसेच. आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पण दोन खांब आणि मोकळी जमीन एवढ्यावर चालणाऱ्या खेळात विकावयास थोडेच असते. खो-खोचा पहिला विश्वचषक भरावयास २०२५ साल यावे लागले.

आम्ही खेळांच्या विरुद्ध नाही. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला व्हावयाच्या आहेत. त्या जरूर व्हाव्यात. पण उद्या आपल्या तालुक्यांतील पोरे तेथे सिमेंटची पोती उचलावयास निघाली, तर घरच्यांनी आधी दोन गोष्टी विचाराव्यात : दर काय ठरला, आणि पैसे कोणाच्या हाती पडणार?