लिहिण्याआधी ऐकणं : आजी, ॲप आणि साने गुरुजी

हा भाग ऐकायचा राहिला असेल तर इथे वाचा. प्रश्न एकच आहे : दुसऱ्याचं बोलणं लिहून काढताना लिहिणाऱ्याच्या आत काय होतं?

सुरुवात घरातून करतो. मागच्या पावसाळ्यात कामथडीला आजीला भातलावणीबद्दल बोलतं केलं. चाळीस मिनिटं फोनवर रेकॉर्ड केली आणि ॲपला दिली. काही मिनिटांत मजकूर तयार! शब्द बहुतेक बरोबर. पण आईने वाचलं आणि म्हणाली, "यात आजी कुठंय?" खरंच नव्हती. १९७२ च्या दुष्काळाचं सांगताना ती मध्येच गप्प झाली होती. ॲपने ती शांतता काढून दोन्ही बाजूंची वाक्यं जोडून टाकली होती.

तेव्हा मला साने गुरुजी आठवले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून ते सगळं हाताने उतरवून घेत होते साने गुरुजी. ना रेकॉर्डर, ना 'परत लाव' म्हणायची सोय. आज आपण वाचतो ती 'गीता प्रवचने' त्यातून आली.

आता हिशोब बघा. माणूस मिनिटाला सहज शंभर शब्द बोलतो. हाताने लिहून होतात जेमतेम वीस-पंचवीस. म्हणजे हात कायम मागेच. मग लिहिणाऱ्याला काय करावं लागतं? वाक्य डोक्यात धरून ठेवायचं, त्याचा अर्थ पकडायचा, काय ठेवायचं नि काय सोडायचं ते ठरवायचं, आणि तेवढ्यात पुढचंही ऐकायचं. माझ्या मते लेखन सुरू होतं ते इथेच, या मागे राहण्यात. ॲप मागे राहत नाही, म्हणून त्याला काही ठरवावंही लागत नाही.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई'चा बराचसा भाग लिहिला. त्या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना गोष्ट सांगतो. लिहिणारा कोठडीत, पण मनात समोर ऐकणारे बसलेत! आदल्या वर्षी ते स्वतःच तसे ऐकत बसले होते. या दोन्हींचा संबंध आहे असं मला वाटतं. सिद्ध नाही करता येणार.

मग मीही वही घेतली. तेच रेकॉर्डिंग तीन संध्याकाळी ऐकलं. चाळीस मिनिटांची चार पानं झाली. 'आजी गप्प झाली' हेही लिहिलं. मनात म्हटलं, जमलं!

आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "समदं लिवलंस. माझ्या जावेचं नाव तेवढं गाळलंस."

मला ते किरकोळ वाटलं होतं. पण दुष्काळात दोघी एकाच कामावर खडी फोडायला जायच्या. जाऊ आता नाही. आजी गप्प झाली होती ती तिच्या नावापाशीच.

म्हणजे शांतता मी ऐकली होती, ती कशाची हे ऐकलं नव्हतं. ॲपने निदान नाव तरी ठेवलं होतं! ते मी परत लिहिलं, त्याच जागी.

तुमच्या घरातही असं कुणी असेल. रेकॉर्ड जरूर करा. पण एकदा हाताने लिहा, आणि लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात.