फाइलमधून परतणारी ऑब्जेक्ट्स

जावातला प्रोग्राम बंद झाला, की मेमरीतली त्याची सगळी ऑब्जेक्ट्स पुसली जातात. ती टिकवण्यासाठी १९९७ साली जावा १.१ सोबत सिरियलायझेशन आले. क्लासला ‘सिरियलायझेबल’ म्हणून घोषित करायचे आणि ऑब्जेक्ट ‘ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम’च्या हवाली करायचे; बाइट्सची रांग फाइलमध्ये उतरते.

यातला कठीण भाग दिसत नाही. ऑब्जेक्ट क्वचितच एकटे असते. बँकेच्या प्रोग्राममध्ये खात्याकडे खातेदाराचा संदर्भ असतो, खातेदाराकडे त्याच्या सगळ्या खात्यांची यादी. एकातून दुसरे लिहीत गेलो तर हे चक्र कधी संपणारच नाही. म्हणून पहिल्यांदा लिहिताना प्रत्येक ऑब्जेक्टला क्रमांक मिळतो, पुन्हा भेटल्यावर फक्त तो क्रमांक लिहिला जातो. त्यामुळे दोन खात्यांचा एकच खातेदार परत वाचल्यावरही एकच राहतो. ही रचना मला आजही अतिशय देखणी वाटते. पासवर्डसारखे फील्ड वगळायचे असेल, तर त्याला ‘ट्रान्झियंट’ म्हणायचे.

धोका आहे तो वाचण्यात. एरवी ऑब्जेक्ट जन्मते कन्स्ट्रक्टरमधून, आणि ‘शिल्लक उणे नको’ यासारख्या तपासण्या तिथेच असतात. फाइलमधून वाचताना सिरियलायझेबल क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही. बाइट्समधली मूल्ये थेट फील्डमध्ये बसतात. कोणी फाइलमधला आकडा बदलला, तर तो बिनतपासणी आत येतो. त्याहून गंभीर म्हणजे कोणत्या क्लासची ऑब्जेक्ट्स बनवायची, हेही फाइलच सांगते. आपल्याला हवा तोच प्रकार आला का, हे कळेपर्यंत ती बनून गेलेली असतात.

ख्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स यांनी २०१५ मध्ये याचा परिणाम दाखवून दिला. ‘अपाची कॉमन्स कलेक्शन्स’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतले निरुपद्रवी क्लास विशिष्ट क्रमाने गुंफले, की नुसती बाइट्स वाचताना सर्व्हरवर हल्लेखोराची आज्ञा चालते.

जावा ९ मध्ये गाळणी आली: कोणते क्लास वाचू द्यायचे, हे आधीच ठरवता येते. पण मूळ दुखण्यावरचा इलाज ‘रेकॉर्ड’मध्ये आहे. जावा १६ पासून भाषेत कायम झालेला हा प्रकार फाइलमधून परततानाही आपल्या कन्स्ट्रक्टरमधूनच येतो, म्हणजे उणे शिल्लक तिथेच अडते. जुन्या प्रणाल्यांत गाळणी लावावीच. नव्या कामात मात्र साधा डेटा जेसनमध्ये लिहावा आणि वाचताना ऑब्जेक्ट आपल्या हाताने, तपासून घडवावे.