बारदानासकट औषध

हिवतापावरील क्लोरोक्विनच्या वेष्टनावर ‘क्लोरोक्विन फॉस्फेट 250 मि.ग्रॅ.’ असे छापून त्याखाली ‘बेस 150 मि.ग्रॅ.’ अशी पुस्ती का जोडलेली असते, आणि मग उरलेले शंभर मिलिग्रॅम कोणाच्या खाती जमा धरावयाचे, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. अडत्याच्या पेढीवर पोती तोलली जातात तेव्हा वजन बारदानासकट धरावयाचे की बारदान वजा करून, हे आधी मुक्रर करून घ्यावे लागते. औषधांचा व्यवहारही तसाच आहे. मूळ क्लोरोक्विन हे आम्लारी, म्हणजेच वेष्टनावरील ‘बेस’, असून पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून फॉस्फोरिक आम्लाशी संयोग घडवून त्याचा सुविद्राव्य क्षार करतात. शरीरात गेल्यावर फॉस्फेट बाजूला होते आणि जंतूंशी झुंजण्याचे काम एकट्या क्लोरोक्विनवर येऊन पडते.

प्रौढ रुग्णाची पहिल्या दिवसाची मात्रा 600 मिलिग्रॅम बेस, म्हणजे अशा चार गोळ्या. तोच आकडा कोणी क्षाराचा समजला तर अडीच गोळ्यांतच काम आटोपते आणि हिवताप उलटण्यास वाव राहतो. उलट दिशेची चूक अधिक भयंकर, कारण क्षाराचा आकडा बेसचा मानला की मात्रा दीडपटीहूनही वाढते, आणि या औषधाच्या हितकर व घातक मात्रांमधील अंतर मुळातच थोडे आहे.

ज्या हान्स आंडरझाग यांनी 1934 मध्ये एल्बरफेल्डच्या बायर प्रयोगशाळेत हे द्रव्य प्रथम सिद्ध केले, त्यांचे नाव आज वैद्यकाच्या पदवीधरांसही सहसा ठाऊक नसते, याची खंत येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही. त्यांचा ‘रेसोचिन’ हाही क्षारच होता, मात्र निराळ्या आम्लाचा. तो फार विषारी असल्याचा निवाडा देऊन त्यांच्याच वरिष्ठांनी तो फडताळात टाकला आणि महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिकनांनी त्या औषधाची पुन्हा परीक्षा केली, तेव्हा कीर्ती साहजिकच तिकडे गेली.

परंतु खरी मौज रक्तदाबावरील मेटोप्रोलॉलची. त्याच्या सक्सिनेट गोळीत 47.5 मिलिग्रॅम क्षार असतो आणि मात्रा लिहितात 50, कारण तो तितक्या टार्टरेटच्या तुल्य. म्हणजे वेष्टनावर ठळकपणे मिरविणारे वजन ना मूळ औषधाचे, ना गोळीतल्या क्षाराचे, तर गोळीत नसलेल्याच एका तिसऱ्या क्षाराचे! जुन्या टार्टरेट गोळीवरून नव्या गोळीवर जाणाऱ्या रुग्णाचा हिशेब बिघडू नये, एवढीच त्यामागची सोय.

अमेरिकन औषधसंहितेने 2013 पासून नव्या औषधांचे नाव व मात्रा सामान्यतः मूळ द्रव्याचीच द्यावी असा दंडक घातला खरा, पण जुनी दप्तरे बहुतांशी उघडली नाहीत. मधुमेह्यांची मेटफॉर्मिनची पाचशेची गोळी त्यामुळे अद्याप हायड्रोक्लोराइडसकटच पाचशेची आहे. बारदान वजा जाता तीत 390 मिलिग्रॅम औषध भरते, आणि साऱ्या जगाने मात्रांची कोष्टकेच बारदानासकट मांडलेली असल्याने त्यावाचून कोणाचे काही अडत नाही.